पुस्तिकेतील जपान आणि पाहिलेले जपान : महर्षी कर्वे यांच्या विद्यापीठकल्पनेचा मागोवा

प्रास्ताविक

परक्या देशाच्या संस्कृतीचा अनुभव म्हटला की प्रवास आणि प्रवासवर्णन यांचीच आठवण प्रथम होते. मराठी वाचकाला जपानच्या संदर्भात पु. ल. देशपांडे यांचे १९६३ मधील ‘पूर्वरंग’ आठवेल. त्या प्रवासात त्यांच्यासोबत असलेल्या सुनीताबाई मूळच्या रत्नागिरीच्या आणि या दोघांचा विवाहही १९४६ साली रत्नागिरीतच झाला, याचा आम्हा रत्नागिरीकरांना थोडासा अभिमानही वाटतो. परंतु जपान आणि महाराष्ट्र यांच्या संबंधात ज्या अनुभवाचे फलित सर्वांत टिकाऊ ठरले, तो प्रवासातून आलेला नव्हता. तो टपालाने आला. एका पुस्तिकेच्या रूपाने तो पुण्याजवळच्या हिंगणे येथे पोहोचला आणि त्यातून भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. प्रत्यक्ष जपानभूमीवर पाऊल ठेवण्याचा योग या विद्यापीठाच्या संस्थापकाला त्यानंतर सुमारे चौदा वर्षांनी आला.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. त्यांचे गाव दापोली तालुक्यातील मुरूड. त्यांच्या विद्यापीठाच्या कल्पनेमागे जपानची प्रेरणा होती, ही गोष्ट शालेय पुस्तकांतही एखाद्या वाक्यात सांगितली जाते. मात्र कर्वे यांनी जपानकडून नेमके काय घेतले, काय घेतले नाही, आणि जे घेतले ते तेथे कोणत्या भूमीत रुजलेले होते, याची चिकित्सा त्या एका वाक्यात होत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय एवढाच आहे.

पूर्वसूत्रे

कर्वे यांच्या आधीही जपान मराठी समाजाच्या दृष्टिपथात आला होता. पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतताना डिसेंबर १८८८ मध्ये जपानमध्ये उतरल्या होत्या. पुढे ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये त्यांचा कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. म्हणजे स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी जग पाहून आलेल्या एका स्त्रीच्या संस्थेशी कर्वे यांचे घर आधीच जोडलेले होते. या योगायोगाला कार्यकारणाचे रूप देण्याचे कारण नाही. पण तो विसरण्याचेही कारण नाही.

१९०५ मध्ये रशियाचा पराभव झाल्यावर चित्र पालटले. जपान हा शब्द स्वदेशीच्या चळवळीत उद्योग, शिस्त आणि आशियाचा स्वाभिमान यांचा पर्याय बनला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला, तेव्हा त्याची तांत्रिक धुरा जपानमध्ये शिक्षण घेऊन आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. काच, काड्यापेट्या, छत्र्या ही त्या काळच्या जपानप्रेमाची सामग्री. जपानच्या मुली काय शिकतात, हा प्रश्न त्या उत्साहात फारसा कोणी विचारीत नव्हते.

१९१५ : एक पुस्तिका

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना, १९०० मध्ये हिंगण्यास स्थलांतर, १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ, असा कर्वे यांच्या कार्याचा क्रम आहे. १९१४ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून निवृत्त झाले. १९१५ मध्ये ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले. सामान्यतः मनुष्य आत्मचरित्र लिहितो तेव्हा कार्याचा हिशेब मिटवीत असतो. कर्वे यांच्या बाबतीत मात्र त्याच वर्षी नवे खाते उघडले गेले.

काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त हे जगप्रवासात जपानला जाऊन आले होते. १९२१ मध्ये काशी विद्यापीठाची स्थापना करणारे ते हेच. तोक्यो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारे मुद्रित साहित्य त्यांच्याकडून कर्वे यांच्याकडे आले. कर्वे यांनी ते चाळले आणि बाजूला ठेवले. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना बाजूला ठेवलेली पुस्तिका पुन्हा हाती घेतली गेली आणि भारतातही स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, हा विचार त्यांनी परिषदेपुढे मांडला. लगेचच पुढील वर्षी, ३ जून १९१६ रोजी, भारतवर्षीय महिला विद्यापीठाच्या सिनेटची पहिली सभा भरली. डॉ. रा. गो. भांडारकर कुलपती झाले व रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. भांडारकर मालवणचे आणि परांजपे दापोलीकडचे. तोक्योतील कल्पनेला पुण्यात आकार देणारे तिघेही दक्षिण-उत्तर कोकणचे, हे नमूद करावेसे वाटते.

भाषण आणि विद्यापीठ यांत जेमतेम पाच महिन्यांचे अंतर आहे. याचा अर्थ कल्पना पूर्णपणे आयात केलेली नव्हती. कर्वे यांच्यापुढे वीस वर्षांच्या आश्रमाचा अनुभव होता. प्रौढ वयात शिकू लागलेल्या विधवांना इंग्रजी माध्यमातील मॅट्रिक हा किती मोठा अडसर होतो, हे ते रोज पाहत होते. उत्तर त्यांच्याजवळ अर्धेमुर्धे तयार होते. असे काही प्रत्यक्षात चालते, याचा दाखला तेवढा हवा होता आणि तो आशियातूनच मिळाला, याचे महत्त्व १९१५ च्या वातावरणात फार होते.

मेजिरो येथील संस्था

ज्या संस्थेची ती पुस्तिका होती, ती ‘निहोन जोशी दाइगाक्को’ ही संस्था एप्रिल १९०१ मध्ये तोक्योच्या मेजिरो भागात सुरू झाली. तिचे संस्थापक नारुसे जिन्झो यांचा जन्मही १८५८ चाच. म्हणजे हे दोन्ही शिक्षक समवयस्क होते. नारुसे यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ओसाका येथे मुलींच्या शाळेत काम केले होते आणि १८९० ते १८९४ या काळात अमेरिकेत अध्ययन केले होते. परतल्यावर १८९६ मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून, नंतर स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावे, हे त्यांचे सूत्र होते. या तीन पदांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

संस्थेच्या पाठीशी मोठी माणसे होती. ओकुमा शिगेनोबु यांच्यासारखे मुत्सद्दी, शिबुसावा एइइचि यांच्यासारखे उद्योगपती आणि ओसाकाच्या हिरोओका आसाको या स्वतः व्यापार व बँकव्यवसाय सांभाळणाऱ्या कर्तबगार स्त्री यांनी तिला बळ दिले. मेजिरोची जमीन मित्सुइ घराण्याकडून मिळाली. गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तीन विभाग व त्यांना जोडलेले मुलींचे उच्च विद्यालय अशी सुरुवातीची रचना होती. विद्यालय धरून पहिल्याच वर्षी सुमारे ५०० विद्यार्थिनी दाखल झाल्या.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. जपानी भाषेत विद्यापीठ म्हणजे ‘दाइगाकु’. नारुसे यांच्या संस्थेच्या नावात ‘दाइगाक्को’ आहे, म्हणजे शब्दशः ‘मोठी शाळा’. कायद्याच्या दृष्टीने ही संस्था १९०४ पासून विशेष शिक्षण देणारी शाळा या वर्गात मोडत होती. १९१८ च्या विद्यापीठ अध्यादेशाने खाजगी विद्यापीठांना दार उघडले, तरी या संस्थेला ते उघडले नाही. कायद्याने तिला विद्यापीठाचा दर्जा १९४८ मध्ये, म्हणजे युद्धोत्तर शिक्षणरचनेत मिळाला. इंग्रजीत मात्र ती आरंभापासून ‘युनिव्हर्सिटी’ म्हणून ओळखली जाई. कर्वे यांच्यापर्यंत पोहोचला तो हाच शब्द. आणि त्यांनी तो अक्षरशः घेतला. पदवी देणारे, परीक्षा घेणारे, महाविद्यालये जोडून घेणारे, कुलपती व सिनेट असलेले विद्यापीठ त्यांनी सरकारी सनदेची वाट न पाहता उभे केले. प्रेरणा जपानची असली तरी सांगाडा मुंबई विद्यापीठाचा आणि धाडस कर्वे यांचे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

मातृभाषेचा प्रश्न

कर्वे यांच्या विद्यापीठाची दोन तत्त्वे प्रसिद्ध आहेत. पहिले, शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे व इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून शिकवावा. दुसरे, बहुसंख्य स्त्रियांच्या जीवनाला उपयुक्त असा स्वतंत्र अभ्यासक्रम असावा. पुरुषांच्या बरोबरीने त्याच परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांना ती वाट मोकळी राहावी, हेही त्यांनी मान्य केले होते.

मातृभाषेच्या बाबतीत जपानचा दाखला जितका प्रभावी तितकाच तो निसरडा आहे. जपानमध्ये उच्च शिक्षण प्रथमपासून जपानीत होते, ही समजूत बरोबर नाही. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या तोक्यो विद्यापीठात आरंभी परदेशी अध्यापक भरपूर पगारावर आणलेले होते आणि पुष्कळसे अध्यापन परकीय भाषांतूनच चाले. परदेशी पाठविलेले तरुण परतले, ग्रंथांची भाषांतरे झाली, चिनी चित्राक्षरांच्या आधारे हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले, आणि एका पिढीत जपानी अध्यापकांनी जपानीतून शिकवावयास सुरुवात केली. निशि आमाने यांनी तत्त्वज्ञानासाठी घडविलेला ‘तेत्सुगाकु’ हा शब्द याच काळातला. १९०३ मध्ये तोक्यो विद्यापीठातील इंग्रजी साहित्याच्या व्याख्यानांवरून लाफ्काडिओ हर्न दूर झाले आणि नात्सुमे सोसेकी आले. जपानवर जिवापाड प्रेम करणाऱ्या, जपानी स्त्रीशी विवाह करून तेथील नागरिकत्व घेतलेल्या हर्न यांना हा बदल जिव्हारी लागला. परंतु राष्ट्राच्या दृष्टीने ती ठरवून गाठलेली मजल होती.

हे सारे राजसत्ता हाती असल्यामुळे झाले. कर्वे यांच्या हाती सत्ता नव्हती, तिजोरी नव्हती आणि क्रमिक पुस्तकेही नव्हती. खरे पाहता मराठीतून उच्च दर्जाचे शास्त्र शिकविण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नव्हता. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत अभियांत्रिकीचे वर्ग मराठीतून चालविले होते व त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत उतरविली होती. पुढे राज्यकर्त्यांचे धोरण बदलले आणि ती परंपरा खुंटली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून हद्दपार झालेल्या मराठीला परत जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले. स्वतःच्याच घरात एकदा होऊन गेलेली गोष्ट जपानच्या दाखल्याने पुन्हा शक्य वाटू लागली. परक्या संस्कृतीच्या दर्शनाचा हा एक परिणाम असतो आणि इतिहासकारांनी त्याची दखल कमी घेतली आहे.

कर्वे यांच्या विद्यापीठाने पदव्यांनाही देशी नावे दिली. बी.ए. च्या तोलाची ती ‘गृहीतागमा’ आणि एम.ए. च्या तोलाची ती ‘प्रदेयागमा’. आज ही नावे ऐकून विद्यार्थी हसतात. पण ‘तेत्सुगाकु’ घडविणाऱ्या मनोवृत्तीशी त्यांचे नाते आहे. एक शब्द रुळला व दुसरे रुळले नाहीत, याचे कारण शब्दांच्या रूपात शोधण्यापेक्षा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत शोधावे लागेल.

आणखी एक भेद याहून मूलभूत आहे. जपानने १८९९ मध्ये प्रत्येक प्रांतात मुलींचे किमान एक उच्च विद्यालय काढण्याचा आदेश दिला. १९०० मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण विनामूल्य झाले आणि १९०७ मध्ये त्याची मुदत सहा वर्षे झाली. १९१० च्या सुमारास शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींची नावे पटावर होती. भारतात १९११ च्या जनगणनेत साक्षर स्त्रियांचे प्रमाण सुमारे १ टक्का होते. मेजिरोची संस्था हा एका रुंद पायावरचा कळस होता; हिंगण्यात पायाच्या दगडाबरोबरच कळसही उचलावा लागला. कर्वे यांनी पुढे, १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले, ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

वेगळा अभ्यासक्रम : एक अडचणीचा वारसा

दुसऱ्या तत्त्वाविषयी मतभेद होते आणि ते आजही आहेत. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, अशी आगरकरांची भूमिका होती. दुसऱ्या टोकाला, १८८४ मध्ये निघालेल्या हुजूरपागेच्या शाळेतील इंग्रजी वळणाच्या अभ्यासक्रमावर टिळकांनी टीका केली होती. कर्वे हे आगरकरांच्या सुधारक परंपरेतले. तरीही १९१५ च्या भाषणात स्त्रीचे समाजातील स्थान पुरुषाच्या तोलाचे, किंबहुना अधिक महत्त्वाचे, पण वेगळे आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. गृहशास्त्र व आरोग्य या विषयांना प्राधान्य मिळाले आणि गणित ऐच्छिक झाले. तेही गणिताच्याच प्राध्यापकाकडून! हे पाऊल जपानच्या उदाहरणाने सोपे झाले, असे माझे मत आहे. सुधारकांना नकोशी वाटणारी तडजोड ‘जपाननेही असेच केले’ या आधाराने प्रागतिक वाटू लागली.

जपानमध्ये त्या काळी ‘र्योसाइ केन्बो’, म्हणजे सुशील पत्नी व सुज्ञ माता, हा मुलींच्या शिक्षणाचा अधिकृत आदर्श होता. नारुसे यांचे सूत्र त्याहून उदार होते. ‘माणूस’ हे पद त्यांनी प्रथम ठेवले होते. तथापि शासनाच्या चौकटीत संस्था चालवायची तर या आदर्शाशी जुळवून घेणे भाग होते. १९०० च्या सार्वजनिक शांतता पोलीस कायद्याने जपानी स्त्रियांना राजकीय सभांना उपस्थित राहण्यासही बंदी केली होती. ती १९२२ मध्ये शिथिल झाली. मुंबई प्रांतातील काही स्त्रियांना, मर्यादित स्वरूपात का होईना, १९२१ मध्ये मताधिकार मिळाला. जपानी स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत प्रथम मतदान केले ते १९४६ मध्ये. परतंत्र देशातील स्त्रीला जे मिळाले, ते स्वतंत्र आणि सुशिक्षित देशातील स्त्रीला पंचवीस वर्षे मिळाले नाही, ही गोष्ट जपानचा निव्वळ गौरव करणाऱ्या तत्कालीन लेखनाच्या चौकटीत बसणारी नव्हती.

आणि मेजिरोच्या वर्गांतून केवळ सुगृहिणीच बाहेर पडल्या असेही नाही. हिरात्सुका राइचो ही १९०६ मध्ये याच संस्थेच्या गृहशास्त्र विभागातून शिकून बाहेर पडली. १९११ मध्ये तिने ‘सेइतो’ हे स्त्रियांचे नियतकालिक काढले आणि सुशील पत्नीच्या आदर्शालाच आव्हान दिले. अभ्यासक्रम आखणाऱ्याचा हेतू आणि शिकणारीने केलेला त्याचा उपयोग या दोन गोष्टी कधीच एक नसतात. हिंगण्याच्या इतिहासालाही हे लागू आहे. विधवा मुली तेथे शिकल्या, शिक्षिका झाल्या, आपल्या मिळकतीवर जगल्या. त्यांच्या दृष्टीने ऐच्छिक गणित हा वादाचा मुद्दा नव्हता. पायावर उभे राहता येणे हा होता.

१९१६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पुण्यात महिला विद्यापीठ सुरू होत होते नेमक्या त्याच दिवसांत, रवींद्रनाथ ठाकूर जपानमध्ये होते. तोक्यो विद्यापीठातील व्याख्यानात त्यांनी आक्रमक राष्ट्रवादाविषयी जपानला सावध केले आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. पुढे ऑगस्टमध्ये नारुसे यांच्या निमंत्रणावरून ते कारुइझावा येथे गेले व तेथे महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींसमवेत काही दिवस राहिले. ज्या संस्थेत कर्वे यांना आदर्श दिसला, तिच्याच विद्यार्थिनींनी रवींद्रनाथांचे मनःपूर्वक ऐकून घेतले. एकाच देशाची दोन दर्शने, एकाच वर्षी, दोन भारतीयांना घडली आणि त्यांपैकी एकही खोटे नव्हते.

प्रत्यक्ष भेट

पुस्तिकेने सुरू झालेले काम पैशाअभावी अडत होते. त्याला आधार मिळाला तोही जपानमार्गेच. सर विठ्ठलदास ठाकरसी १९१९ मध्ये पत्नी प्रेमलीलाबाईंसह जगप्रवासाला निघाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्यांच्याबरोबर होते. तोक्योचे महिला विद्यापीठ त्यांनी पाहिले. कर्वे यांनी केवळ वाचलेली गोष्ट ठाकरसींनी डोळ्यांनी पाहिली. १९२० मध्ये त्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. धनिकाला कल्पना पटवून देण्यासाठी शंभर पत्रकांपेक्षा एक चालती संस्था अधिक उपयोगी पडते, हे निधिसंकलन करणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला सांगावयास नको.

कर्वे स्वतः मार्च १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी परदेशी निघाले. परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून कुंभार्ली घाटाने साताऱ्यापर्यंत पायी गेलेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठविला गेलेला मुलगा तो हाच. इंग्लंड, जिनिव्हा व एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदा आटोपून, अमेरिकेत काही महिने व्याख्याने देऊन ते जपानला पोहोचले आणि एप्रिल १९३० मध्ये मायदेशी परतले. १९२३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या तोक्योची पुनर्रचना पूर्ण झाल्याचा सोहळा मार्च १९३० मध्ये साजरा झाला. नवे पूल, रुंद रस्ते आणि काँक्रीटच्या शाळा यांनी सजलेले ते शहर होते. नारुसे १९१९ मध्येच निवर्तले होते. समवयस्क असूनही या दोघांची भेट कधी झाली नाही.

कर्वे यांचा जपानमधील अनुभव हा सौंदर्यासक्त प्रवाशाचा नव्हता. बाग, मंदिर, नाटक किंवा चहाचा विधी यांसाठी ते गेले नव्हते. आपल्या विद्यापीठाची माहिती जगाला द्यावी आणि त्यासाठी साहाय्य गोळा करावे, हा प्रवासाचा हेतू होता. या प्रवासाची हकीकत आली तीही १९३६ च्या ‘लुकिंग बॅक’ या इंग्रजी आत्मकथनात. मातृभाषेच्या विद्यापीठाच्या संस्थापकाला आपली कथा इंग्रजीत सांगावी लागली, कारण देणगीदार आणि राज्यकर्ते दोघेही ती भाषा वाचीत होते.

त्या भेटीच्या वेळी दोन्ही संस्थांची कायदेशीर स्थिती विलक्षण सारखी होती. मेजिरोच्या संस्थेला जपान सरकार विद्यापीठ मानीत नव्हते आणि कर्वे यांच्या विद्यापीठाच्या पदव्यांना ब्रिटिश सरकारची मान्यता नव्हती. गृहीतागमा झालेल्या मुलीला सरकारी नोकरीत आणि इतर विद्यापीठांत त्याची किंमत मोजावी लागे. जपानी संस्था १९४८ मध्ये कायद्याने विद्यापीठ झाली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये संमत केला आणि १९५१ मध्ये त्याला वैधानिक दर्जा प्राप्त झाला, त्या वेळी कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते.